कळा तिच्या, बटणही तिच्याच हाती

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात कौतुक आहे, तसा एक हुकूमही दडलेला आहे. कळा निमूटपणे सोसायच्या! ‘आम्ही नाही का सोसल्या?’ असे घरातल्या वडीलधाऱ्या बाईने विचारले की पुढचे बोलणेच खुंटते.

लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा हाच विषय तिथे मोकळेपणाने बोलला जाताना ऐकला. तिथेही हे पहिल्यापासून असे नव्हते. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा टीका झालीच होती. आता दिवस भरत आले की अनेक जणी ‘टेन्स’ नावाचे यंत्र विकत किंवा भाड्याने आणतात. कंबरदुखीसाठी आपले फिजिओथेरपिस्ट लावतात, तेच हे यंत्र. बाळंतपणातही ते चालते, हे मला नवीन होते.

हाताच्या पंजात मावेल एवढी डबी, बारीक वायरी आणि चार चिकट पट्ट्या. दोन पट्ट्या पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना, दोन खाली कमरेशी. डबीतून विजेचे सौम्य ठोके येतात, मुंग्या आल्यासारखे वाटते. कळ आली की बटण दाबून जोर वाढवायचा, ओसरली की कमी करायचा.

यामागचा विचार रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश नेणाऱ्या जाड मज्जातंतूंना चेतवले, की दुखण्याचे संदेश त्या दारात अडतात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, ते याचसाठी. अडलेल्या बाईची कंबर दाबून देणारी आपली सुईण तरी दुसरे काय करत होती?

मग कळा थांबतात का? नाही. २००९ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या बायकांनी सांगितलेल्या वेदनेत फारसा फरक आढळला नाही. तरीही यंत्र वापरलेल्या पुष्कळ जणी पुढच्या खेपेला ते पुन्हा वापरायला तयार होत्या. माझ्या मते याचे उत्तर त्या बटणात आहे. आपल्या दुखण्यावर आपला थोडा तरी ताबा आहे, हा दिलासा लहान नसतो.

अर्थात पथ्ये आहेत. हे यंत्र सुरुवातीच्या कळांसाठी, घरी असतानाच अधिक उपयोगी पडते. ३७ आठवड्यांआधी ते लावू नये, पाण्यात तर कधीच नाही. पेसमेकर किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. जोराच्या कळांत एपिड्युरलची जागा ते घेऊ शकत नाही.

सरकारी रुग्णालयात बाळंतिणीजवळ सोबतीला एक बाई राहू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवले. पाठीवर हात फिरवायलाही माणूस लागतेच. तेव्हा घरात कोणी पोटुशी असेल, तर आठव्या महिन्यातच तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. सोबत कोण राहू शकेल, कळा कमी करायला तिथे काय काय मिळते, हे विचारा. आणि त्यातले काय हवे, ते तिला ठरवू द्या.