गुणवंतांना हमखास प्रवेश : तंजावूरच्या विद्यार्थ्यांपुढील प्रश्न

तंजावूर हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे ते भोसले घराण्याच्या राजधानीमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. सरफोजी राजांचे नाव आजही येथील एका शासकीय महाविद्यालयाला आहे. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील गावांमधून विद्यार्थी या शहरात शिकायला येतात. आपल्या शाळेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला सरकारी महाविद्यालयात जागा मिळेलच, अशी हमी राज्याने द्यावी काय, हा प्रश्न तमिळनाडूत गेली अनेक दशके चर्चेत आहे.

कला, विज्ञान व वाणिज्य शाखांच्या शासकीय महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवरच प्रवेश मिळतो. खरी चुरस आहे ती अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांसाठी. या अभ्यासक्रमांकरिता तमिळनाडूने १९८४ मध्ये स्वतंत्र प्रवेश परीक्षा सुरू केली होती. शिकवणी वर्गांची सोय आणि ऐपत असलेल्या शहरी विद्यार्थ्यांनाच तिचा लाभ होतो, अशी टीका पुढे होऊ लागली. परीक्षा रद्द करण्याचे सुरुवातीचे प्रयत्न न्यायालयात टिकले नाहीत. अखेर शिक्षणतज्ज्ञ एम. आनंदकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर २००६ मध्ये विधानसभेने कायदा केला आणि २००७ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तेव्हापासून अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात. गणिताचे १०० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० असे एकूण २०० गुण धरून राज्यभराची एकच गुणवत्ता यादी लावली जाते.

मात्र ‘बारावीचे गुण’ आणि ‘शाळेतील क्रमांक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यव्यापी यादीत खेड्यातील शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्याची तुलना थेट नामवंत खासगी शाळांतील विद्यार्थ्यांशी होते. प्रवेश परीक्षा गेल्यावर नामक्कल व आसपासच्या निवासी शाळांचा बोलबाला वाढला. अनेक खासगी शाळा अकरावीचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून दोन्ही वर्षे बारावीचीच तयारी करून घेत असत. हे थांबावे म्हणून २०१७-१८ पासून अकरावीलाही राज्य मंडळाची परीक्षा लागू झाली. ती २०२५ च्या राज्य शिक्षण धोरणानुसार पुन्हा बंद करण्यात आली. थोडक्यात, स्पर्धा संपली नव्हती. तिचे ठिकाण तेवढे बदलले होते.

टेक्सासचा मार्ग

अमेरिकेतील टेक्सास राज्याने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. प्रवेशात वंशाचा विचार करण्यास तेथील न्यायालयाने १९९६ मध्ये मनाई केली. त्यानंतर १९९७ मध्ये राज्याने असा कायदा केला, की प्रत्येक माध्यमिक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत हमखास प्रवेश मिळावा. शाळा श्रीमंत वस्तीतील असो वा दुर्गम गावातील, विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच शाळासोबत्यांशी होते. परंतु ऑस्टिन येथील प्रमुख विद्यापीठात या वाटेने येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की २००९ मध्ये त्या विद्यापीठापुरती मर्यादा घालावी लागली. राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या जागांपैकी तीन चतुर्थांश जागा भरतील एवढीच आता तेथील हमी आहे. त्यामुळे दहा टक्क्यांची अट घसरत २०२६ च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली. हमी द्यायची तर जागाही तेवढ्या हव्यात, हा या अनुभवाचा धडा होय.

प्रादेशिक वाटपाला न्यायालयाचा नकार

तमिळनाडूनेही एके काळी भौगोलिक समतोलाचा प्रयत्न केला होता. तत्कालीन मद्रास राज्यात वैद्यकीय जागांचे जिल्हावार वाटप होत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ते घटनाबाह्य ठरविले. एका जिल्ह्यातील अधिक गुणी विद्यार्थ्याला डावलून दुसऱ्या जिल्ह्यातील कमी गुणांच्या विद्यार्थ्याला जागा मिळते, हा आक्षेप निर्णायक ठरला. त्यानंतर महाविद्यालयांचे गट पाडून जागा भरण्याची पद्धतही १९७० मध्ये रद्द झाली. महाराष्ट्राच्या वाचकांना यावरून आपल्याकडील ‘सत्तर-तीस’ सूत्र आठवेल. वैद्यकीय प्रवेशातील ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना देणारे ते सूत्र राज्य सरकारने २०२० मध्ये रद्द केले.

‘नीट’ आणि साडेसात टक्के

वैद्यकीय प्रवेशात बारावीच्या गुणांचे महत्त्व २०१७ मध्ये संपले. त्या वर्षापासून तमिळनाडूला देशव्यापी ‘नीट’ परीक्षा लागू झाली आणि सरकारी शाळांतून वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरले. न्यायमूर्ती पी. कलैयरसन यांच्या समितीच्या अहवालानंतर राज्याने २०२० मध्ये कायदा करून सरकारी शाळांत सहावी ते बारावी शिकलेल्या, ‘नीट’ उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय जागांपैकी ७.५ टक्के जागा राखल्या. पहिल्याच वर्षी सुमारे चारशे विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झाला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा वैध ठरविला. त्यापूर्वी, २०२१ मध्ये, अभियांत्रिकी, कृषी, पशुवैद्यक, मत्स्यविज्ञान आणि विधी या शाखांनाही अशीच तरतूद लागू झाली होती.

हा टक्का प्रत्यक्षात किती? वैद्यकीय महाविद्यालय १५० जागांचे असेल, तर १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या सुमारे १२७ जागांचे साडेसात टक्के म्हणजे नऊ-दहा जागा. या जागांसाठीही राज्यभरातील सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांची आपापसांत स्पर्धा होते. म्हणजे ही विशिष्ट शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्याला दिलेली हमी नव्हे. सरकारी शाळांच्या समूहाला दिलेला वाटा आहे. मात्र त्यामुळे समान परिस्थितीत शिकलेल्यांची तुलना एकमेकांशी होते, हे तिचे वैशिष्ट्य आहे.

‘नीट’मधून पूर्ण सूट मिळविण्याचा राज्याचा प्रयत्न मात्र सफल झालेला नाही. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीच्या अहवालानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये विधानसभेने विधेयक संमत केले. राज्यपालांनी ते परत पाठविल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये ते पुन्हा मंजूर झाले. राष्ट्रपतींनी त्याला संमती नाकारल्याचे एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर करण्यात आले. एकच परीक्षा असल्याने देशभर एकच निकष राहतो, असे ‘नीट’चे समर्थक म्हणतात. शिकवणीची ऐपत सारखी नसताना निकष समान कसा, असा विरोधकांचा सवाल आहे.

प्रवेशापुढचे प्रश्न

प्रवेश मिळाला तरी शुल्क, वसतिगृह आणि रोजचा खर्च उरतोच. साडेसात टक्क्यांतून प्रवेश घेणाऱ्यांचे शुल्क भरण्याची जबाबदारी राज्याने म्हणूनच स्वीकारली. सरकारी शाळांतून आलेल्या मुलींना उच्च शिक्षण घेताना दरमहा एक हजार रुपये देणारी योजनाही २०२२ मध्ये सुरू झाली.

गुणवत्ता कोणाच्या तुलनेत मोजायची, हा या साऱ्या वादाचा गाभा आहे. टेक्सासने ती शाळेच्या आत मोजली, ‘नीट’ ती देशभरात मोजते, तर तमिळनाडू या दोहोंमधली वाट शोधत आहे. तंजावूर परिसरातील एखाद्या सरकारी शाळेत पहिल्या आलेल्या मुलीच्या दृष्टीने मात्र प्रश्न साधा आहे : आपल्या गावात उपलब्ध असलेल्या साधनांवर तिने केलेले सर्वोत्तम श्रम पुरेसे ठरतील काय? साडेसात टक्क्यांची तरतूद या प्रश्नाला अंशतः होकार देते. पूर्ण होकार अद्याप कोणत्याच कायद्यात नाही.