सामाईक गृहखरेदी आणि अल्प स्वनिधी

महानगरांतील घरांच्या किमती एकट्याच्या वेतनाला पेलत नसल्याने पती-पत्नी वा भावंडे संयुक्त कर्जाचा मार्ग स्वीकारतात. कर्जदार दोन झाले की पदरची रक्कम थोडी असली तरी चालते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाचा विचार केला आहे.

सहकर्जदारामुळे वाढते ती परतफेडीची क्षमता. स्वनिधीची अट त्याने सैल होत नाही, कारण ती घराच्या मूल्याशी निगडित आहे. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज मूल्याच्या कमाल ९० टक्के, ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्यापुढील ७५ टक्के असू शकते. म्हणजे मुंबईतील १ कोटीच्या सदनिकेस ७५ लाखांहून अधिक कर्ज मिळत नाही. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी या मूल्यात धरली जात नाही. स्वतःचे २५ लाख, ६ टक्के दराने शुल्काचे ६ लाख आणि नोंदणीचे ३० हजार, अशी ३१ लाख ३० हजारांची तजवीज करावी लागते. (सर्व खरेदीदार स्त्रिया असल्यास शुल्कात १ टक्का सवलत आहे, दोन बहिणींनी ती अवश्य घ्यावी.) ही तूट वैयक्तिक कर्जाने भरणे हिताचे नाही. त्याचा हप्ता गृहकर्जाची पात्रताच घटवितो.

खरी गुंतागुंत मालकी व दायित्व यांच्या विषमतेत आहे. समजा, थोरल्या भावाने २५ लाखांपैकी २० व धाकट्याने ५ लाख दिले आणि हप्ते निम्मे-निम्मे ठरले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ नुसार, अन्यथा करार नसल्यास, हिस्से दिलेल्या रकमांच्या प्रमाणात ठरतात. पुरावा नसल्यास ते समान मानले जातात. थोरल्याचे जादा १५ लाख केवळ बँकेच्या नोंदींच्या आधारे टिकतात. खरेदीखतात मात्र बहुधा नुसती नावेच असतात. कर्जाबाबत असे प्रमाण नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ अन्वये बँक कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागू शकते. ७५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ६५ हजार होतो. धाकट्याची नोकरी गेली, तर तो सगळा थोरल्यावर येतो.

एकाला बाहेर पडावयाचे झाल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र पुरत नाही, बँकेची संमतीही लागते. आणि उरलेले कर्ज दुसऱ्याच्या एकट्या उत्पन्नावर पेलते की नाही, हे बँक तेव्हा नव्याने तपासते.