दहावीनंतरचा कागद



गेल्या जून महिन्यात घाटकोपरच्या भटवाडीतून एक बाई आमच्या युनियनच्या कचेरीत आल्या. मुलगा दहावीला बावन्न टक्क्यांनी पास झाला होता. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला व म्हणाल्या, "भाऊ, हा कारखाना पोराला ट्रेनी म्हणून घेतो म्हणतो. कॉलेजात घालू, का इथं चिकटवू? यांचं म्हणणं, चार पैसे तरी हातात येतील."

आम्ही कागद वाचला. अकरा महिने, दरमहाची रक्कम आणि गैरहजेरीची कपात, एवढेच त्यात होते. मुलाला काय शिकविणार, याबद्दल चकार शब्द नव्हता. आज बोलावयाचे ते या कागदाविषयीच.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत भोंगेच भोंगे होते. बापाने साहेबाला शब्द टाकावा आणि पोराने लेथवर उभे राहावे. आम्हीही असेच उभे राहिलो. कॉलेजची पायरी चढलो नाही, जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्यांमागून उपनगरांतले कारखानेही एकेक करून हलले. त्या गेटांच्या जागी आज टॉवर आणि मॉल आहेत. वशिल्याची ती वाट बुजली, हे पालकांनी एकदा मनाशी कबूल केले पाहिजे.

म्हणून सगळे कॉलेजकडे धावतात. पदवीला आम्ही कमी लेखीत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळच्या वर्गांसह, नोकरी करणाऱ्याला शिकता यावे म्हणून; या गोष्टीचे मोल आमच्यासारख्याला अधिक कळते. परंतु अकरावीला कुठे तरी नाव घालायचे, बारावी होईपर्यंत बघू, मग बी.कॉम. होईपर्यंत बघू, असे पाच वर्षे जो बघत राहतो त्याची फी मात्र आईच्या भिशीतून जाते. ज्याला हिशेबाची, कायद्याची, शास्त्राची खरी ओढ आहे त्याने कर्ज काढूनही शिकावे. ज्याला ती नाही, त्याच्यासाठी तिसरी वाट आहे आणि तिची माहिती घरोघरी फार तोकडी आहे.

ती वाट १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची. अप्रेंटिस हा शब्द कोणीही मालक तोंडी वापरील. पण कायद्याने अप्रेंटिस तोच, ज्याचा लेखी करार झालेला आहे आणि तो सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदविलेला आहे. उमेदवार अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते. म्हणजे बाई, सही तुमची! तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला २०१९ च्या नियमांप्रमाणे उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन दहावी झालेल्यास ६,००० आणि आय.टी.आय. झालेल्यास ७,००० रुपये ठरविले. कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. शेवटी परीक्षा होते व राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. ते देशात कुठेही चालते.

आता याची दुसरी बाजू, आणि ती सांगितल्याशिवाय आम्हांला खाली बसता येणार नाही. याच कायद्याचे १८ वे कलम म्हणते की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. एका कारखान्यात आम्ही अशा मुलांना कायम कामगाराच्या मशीनवर कायम कामगाराइतकाच माल काढताना पाहिले, आणि युनियन म्हणून आमचे हात बांधलेले होते. शिवाय २२ व्या कलमाने मालकावर पुढे नोकरी देण्याचे बंधन नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एस.टी.च्या खटल्यात सांगितले की बाकी सारे समान असेल तर शिकून तयार झालेल्या उमेदवाराला प्राधान्य द्यावे. प्राधान्य, हमी नव्हे.

या फरकाची किंमत आपण सर्वांनी २० मार्च २०१८ ला मोजली आहे. त्या सकाळी रेल्वेत अप्रेंटिसशिप पुरी केलेली शेकडो मुले माटुंगा-दादरच्या दरम्यान रुळांवर बसली. लोकल बंद पडल्या, मुलुंड-घाटकोपरचे चाकरमाने लटकले, लाठ्या चालल्या. वीस टक्के राखीव जागा आम्हांला पुरत नाहीत, सरळ नोकरीत घ्या, ही त्यांची मागणी. गाडीत अडकलेला माणूस त्यांना शिव्या देत होता. त्याच्या घरी दहावीचा मुलगा असता तर त्याने शिव्या गिळल्या असत्या, असे आम्हांला वाटते.

तरीही आम्ही ही वाट सुचवितो, मात्र आधी आय.टी.आय. करून. माटुंगा, परळ येथील रेल्वे वर्कशॉपांत दहावीचे आणि आय.टी.आय.चे गुण पाहून उमेदवार निवडतात. माझगाव डॉक आठवी, दहावी आणि आय.टी.आय. अशा तिन्ही पायऱ्यांवर घेते. दोन वर्षांच्या आय.टी.आय.नंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आज हातात पाना घेतला म्हणून कॉलेजचे दार कायमचे लागत नाही. ही गोष्ट मुलींच्या आयांना तर मुद्दाम सांगावी लागते.

भटवाडीच्या बाईंना आम्ही सांगितले, यावर सही करू नका. यात कुठला ट्रेड ते लिहून आणा, नोंदणी कधी करणार ते विचारा. दोन दिवसांनी त्या परत आल्या. कारखान्यातल्या साहेबाने म्हणे कागद परत घेतला आणि जागा भरली म्हणून सांगितले. मुलाने आय.टी.आय.चा अर्ज भरला. इलेक्ट्रिशियनला नंबर लागला नाही, वायरमनला लागला. वडील अजून नाराज आहेत.