कोवळा ऊस तोडू नका



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या कार्यक्षेत्रातल्या रस्त्यांवर पहाटे पोरं धावताना दिसू लागतात. बघून बरे वाटते. पण महिनाभरात त्यांतली कित्येक दिसेनाशी होतात. कुणाची नडगी ठणकते, कुणाचा गुडघा धरतो. १६०० मीटरसाठी रोज डांबरावर जीव तोडून पळायचे, आणि घरी आल्यावर वडील विचारणार, "आज किती मिनिटं लागली?" अशा घरांनी अविनाश साबळे यांची कारकीर्द जरूर पाहावी, असे आम्हांस वाटते.

साबळे हे बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेले. सियाचीनच्या बर्फात नोकरी केली. शर्यतीत खऱ्या अर्थाने उतरले ते २०१५ साली, म्हणजे विशी ओलांडल्यावर. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळवले. ही शर्यत ३००० मीटरची. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच. पाय अडकला तर तो पडत नाही, गडी पडतो!

आता आकडे पाहा. २०१८ साली भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद, गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंद, नवा विक्रम झाला, तरी अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद आणि रौप्यपदक. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने गेले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ साली पॅरिसला डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंद, आणि त्याच वर्षी ऑलिंपिकची अंतिम फेरी.

हिशोब करा. सहा वर्षांत कमावले सुमारे २० सेकंद. वर्षाला साडेतीनही नाहीत! मग आपल्या पोराकडून महिन्यात मिनिटाची अपेक्षा कशी धरायची?

लांब पल्ल्याचा धावपटू रोज जीव तोडून पळत नाही. बहुतेक दिवस तो बोलता येईल इतक्या सावकाश धावतो; आठवड्यातून एक-दोनदाच जोर लावतो. कारण ताकद धावताना येत नाही, ती विश्रांतीत येते. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि शिरा सावकाश मजबूत होतात. दुखणे येते ते या फरकातून. म्हणून अंतर हळूहळू वाढवावे, डांबर टाळून मातीची वाट धरावी, झोप आणि जेवण चुकवू नये, आणि रोजची नोंद वहीत ठेवावी. नडगीला बोट लावल्यावर एकाच जागी दुखत असेल तर पळणे थांबवून डॉक्टर गाठावा. "घाम गाळ, बरं होईल" म्हणू नये.

आडसाली लावण आपण दीड वर्ष सांभाळतो. घाईने कोवळा ऊस तोडला तर उतारा बसतो, हे आपणांस सांगायला नको. पोराच्या पायांनाही तेवढीच सवड द्या. जाहिरात निघण्याची वाट न पाहता आजच सुरुवात करू द्या. आणि घरी आला की मिनिटे विचारण्याआधी "पाय दुखत नाही ना?" एवढे जरूर विचारा.