समाजकार्याचे शिक्षण : कणव आणि कसब

समाजसेवेला शिक्षण कशाला हवे, असा प्रश्न आपल्याकडे चांगले सुशिक्षित गृहस्थही विचारतात. मनात कणव असली, अंगात चार घटका राबण्याची तयारी असली, की झाले; त्यासाठी तीन वर्षे महाविद्यालयात घालवून पदवी कशाला घ्यावयाची? या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसराही प्रश्न येतो. तो विशेषतः आईबापांचा असतो : मुलाने किंवा मुलीने ही पदवी घेतली, तर उद्या पोट भरेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंची उत्तरे सरळपणे दिली पाहिजेत. जालना जिल्ह्यासारख्या भागात तर हा विचार अधिकच निकडीचा आहे. कारण येथे दुष्काळ, स्थलांतर, बालविवाह आणि कारखान्यांतील परप्रांतीय मजुरांचे जिणे हे प्रश्न आपल्या दाराशी उभे आहेत.

पहिला प्रश्न विचारणारे लोक इतिहासाचा दाखला देतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांनी समाजकार्याची कोणती पदवी घेतली होती? घेतली नव्हती, हे खरे. परंतु या थोर माणसांनी आपले आयुष्य हीच आपली शाळा केली आणि तिची जबर फी भरली. प्रत्येक नव्या कार्यकर्त्याने ती फी पुन्हा पहिल्यापासून भरावी काय? वैद्यकी शाळेत शिकवू लागण्यापूर्वीही हाताला गुण असलेले वैद्य होतेच. म्हणून कोणी वैद्यकीय महाविद्यालये बंद करा असे म्हणत नाही. पूर्वीच्यांनी अनुभवाने जे मिळविले ते क्रमवार मांडून पुढच्यांच्या हाती देणे, एवढाच शिक्षणाचा अर्थ आहे.

ही जाणीव जगातही फार जुनी नाही. न्यूयॉर्क येथे १८९८ मध्ये या विषयाचा उन्हाळी वर्ग सुरू झाला, तेथून या शिक्षणाची सुरुवात मानतात. आपल्याकडे नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. पुढे क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्याच्या गरीब वस्तीत १९२६ मध्ये नेबरहुड हाऊस उभारले. तेथे काम करताना त्यांना दिसले की, कामाची इच्छा असणारी माणसे मिळतात, काम जाणणारी मिळत नाहीत. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ मध्ये आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली.

प्रारंभी हे शिक्षण पदवीधरांपुरतेच होते. माणसाच्या दुःखात हात घालणाराचे वय आणि वाचन थोडे पक्व असावे, हा त्यामागचा विचार होता. परंतु खेड्यापाड्यांत काम करावयास माणसे हवीत, आणि बारावीनंतर पाच वर्षे शिकत राहणे ग्रामीण मुलामुलींना परवडत नाही, हेही हळूहळू ध्यानात आले. म्हणून बारावीनंतर तीन वर्षांची समाजकार्य पदवी रूढ झाली. मराठवाड्यात तुळजापूर येथील टाटा संस्थेच्या ग्रामीण केंद्रात २००४ मध्ये असा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतही हे शिक्षण मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीला चौथ्या वर्षाची जोड देण्याची वाट खुली झाली आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यास या शिक्षणाकडे वळता येते.

आता या वर्षांत शिकवतात तरी काय? समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांची तोंडओळख असते. कायदे आणि शासनाच्या योजना असतात. आणि कामाच्या पद्धती असतात. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तीन मुख्य पद्धती होत. त्यांना समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन व सामाजिक कृती यांची जोड मिळते. पण या शिक्षणाचा प्राण वर्गात नाही. तो क्षेत्रकार्यात आहे. सामान्यतः आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थ्याने वस्तीत, शाळेत, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत जावयाचे, पाहिलेले व केलेले लिहून काढावयाचे, आणि ते लिखाण मार्गदर्शक प्राध्यापकापुढे ठेवून त्यावर चर्चा करावयाची. ग्रामीण शिबिरे व अभ्याससहली याखेरीज असतात.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, घनसावंगी तालुक्यातील एका गावात आठवीत शिकणारी मुलगी दसऱ्यानंतर शाळेत येईनाशी झाली. चौकशी करता कळले की, तिचे लग्न ठरत आहे. केवळ कणवाळू माणूस काय करील? बापाला चार कडक शब्द सुनावील, किंवा खिशातून काही पैसे देईल. बाप मान डोलावील आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी गुपचूप लग्न उरकील.

शिकलेला विद्यार्थी आधी ऐकून घेतो. त्याला कळते की, आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतली आहे. दिवाळीच्या सुमारास ते निघतील ते उन्हाळा लागेपर्यंत परत येणार नाहीत. वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही त्यांची धास्ती आहे. शिवाय ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात; म्हणून सासरच्या मंडळींना लग्नाची घाई आहे. म्हणजे या लग्नाच्या मुळाशी अडाणीपणा थोडा आणि भय व कर्ज फार, असे निघते. रोगाचे निदान बदलले की औषधही बदलते. मुलीला आजीकडे ठेवता येईल काय, स्थलांतरितांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात किंवा मुलींच्या निवासी शाळेत जागा मिळेल काय, तिच्या सुरक्षिततेची हमी गावातील कोण घेईल, या दिशेने तो हालचाल करतो. मुलगी स्वतः काय म्हणते, हेही तो तिला एकटीला विचारतो; आपल्याकडे हे विचारावयाचेच राहून जाते.

एवढे करूनही लग्नाची तिथी धरलीच, तर कायद्याचा आधार घ्यावा लागतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण हवे. न्यायालयाकडून मनाईहुकूमही मिळविता येतो. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे काम ग्रामसेवकाकडे सोपविलेले आहे. १०९८ या दूरध्वनीवर कळविता येते. ही दूरध्वनी सेवाही १९९६ मध्ये टाटा संस्थेचाच एक क्षेत्रप्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाली, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. लग्न थांबले म्हणजे बातमी छापून येते, परंतु काम तेव्हा निम्मेच झालेले असते. ती मुलगी पुन्हा वर्गात बसली काय, घरात तिचा छळ होत नाही ना, उचलीचे ओझे तसेच असता पुढच्या दसऱ्याला काय होणार, हे पाहणारा कोणी नसेल तर थांबलेले लग्न केवळ पुढे ढकललेले लग्न ठरते. चिकाटीने मागे राहणे ही या शिक्षणातील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

एका घरापुरते जे व्यक्तिसहाय्य, तेच गावापुरते समुदाय संघटन. त्याचा नमुना पाहण्यास आपल्याला दूर जावयास नको. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९६ नंतर इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती व पाणी अडविण्याचे काम झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि मराठवाडा शेती सहाय्य मंडळ यांनी, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने, ते उभे केले. पुढे तेथे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जिल्हा होरपळत असताना कडवंचीचे नाव सर्वत्र झाले. हे काम शेतीतज्ज्ञांचे होते. पण बांध घालणे हा त्यातला सोपा भाग असतो. या कार्यक्रमात गावाने श्रमदान करावयाचे, मोकाट चराई व वृक्षतोड बंद करावयाची आणि गावाची समिती नेमून कारभार पाहावयाचा, अशा अटी असत. ज्याची शेळी हीच दूधदुभत्याची आशा, त्याला चराईबंदी पटवून देणे आणि त्याचे नुकसान एकट्यावर पडू न देणे, यासाठी माणसे जोडण्याची विद्या लागते. ती विद्या पद्धतशीर शिकविणे हेच समाजकार्याच्या महाविद्यालयाचे काम होय.

या विद्येला काही नीतिनियम आहेत. ऐकलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडावयाची नाही. मात्र बालकाच्या जिवाला धोका असेल तेव्हा ती योग्य अधिकाऱ्यास सांगितलीच पाहिजे. समोरच्याची जात, व्यसन वा वागणूक पाहून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे नाही. निर्णय त्याचा त्याने घ्यावा, आपण त्याला बळ द्यावे. ज्या मदतीने माणूस कायमचा मिंधा होतो, ती मदत फसली असे समजावे. हे नियम पाठ करण्यास एक संध्याकाळ पुरते; अंगवळणी पडण्यास तीन वर्षेही थोडी पडतात.

आता आईबापांचा प्रश्न. या शिक्षणाने श्रीमंती येत नाही, हे आधीच सांगावे. पण कामाची क्षेत्रे पुष्कळ आहेत. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हापासून रुग्णालयांत हे पद रूढ झाले. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी आवश्यक ठरविला. १९५८ च्या कायद्याने परिवीक्षा अधिकारी आला; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी आला. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांत टाटा संस्थेच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष निघाला आणि पुढे तो राज्यातील इतर जिल्ह्यांत पसरला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावयास लावले; पोलाद व बियाण्यांच्या उद्योगांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या शहराने याची नोंद घ्यावी.

असे असले तरी उणिवाही लपवू नयेत. कित्येक पदे कंत्राटी असतात आणि वेतन तुटपुंजे असते. वरच्या पदांसाठी पदव्युत्तर पदवी मागतात. मानसोपचाराच्या क्षेत्रात तर २०१७ च्या कायद्याने त्याहूनही पुढचे शिक्षण अपेक्षिले आहे. वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रांतील समाजकार्यकर्त्यांचा समावेश २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात झाला. परंतु वकील वा डॉक्टर यांच्याप्रमाणे साऱ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारा देशव्यापी कायदा अद्याप नाही. म्हणून ‘समाजसेवक’ ही पाटी कोणीही लावू शकतो, आणि शिकलेल्याची किंमत कमी होते. महाविद्यालयांतही जेथे क्षेत्रकार्य केवळ वहीत होते, तेथील पदवी कागदाहून अधिक मोलाची नसते.

तेव्हा आईबापांनी प्रवेश घेण्यापूर्वी इमारत पाहू नये. तीन गोष्टी विचाराव्या. विद्यार्थी क्षेत्रकार्यास कोठे जातात? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात? आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेली टिपणे कोणी वाचून त्यांच्याशी बोलतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर ते महाविद्यालय चांगले समजावे.

नगरवासीयांनाही यात वाटा आहे. डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयात, मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेत, उद्योजकांनी आपल्या कामगारांच्या वस्तीत या विद्यार्थ्यांना जागा द्यावी, आणि त्यांना सतरंज्या उचलण्याच्या कामी न लावता खरे काम द्यावे. देणगी देणाऱ्यांनी धान्यवाटपाच्या छायाचित्रासाठी जेवढा खर्च होतो, तेवढा एका शिकलेल्या कार्यकर्त्याच्या वर्षभराच्या पगारात घालून पाहावा. येत्या दसऱ्याला बैलगाड्या व ट्रक कारखान्यांच्या वाटेला लागतील, तेव्हा मागे राहिलेल्या मुलीच्या घरी जाऊन विचारपूस करणारे, आणि काय विचारावे हे जाणणारे, एक तरी माणूस प्रत्येक गावाला मिळाले पाहिजे. ते माणूस कणवेतून जन्मते. घडवावे मात्र शिक्षणाने लागते.