मोठ्या फिशटँकची पूर्वतयारी
घरातील मासे लहान टाकीतून मोठ्या टाकीत हलवताना केवळ काचेचा आकार बदलत नाही, तर त्यांना जगवणारी एक जिवंत व्यवस्था सुखरूप स्थलांतरित करावी लागते. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ मिसळतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, तर दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि या क्रमालाच नायट्रोजन चक्र म्हणतात. हे जिवाणू प्रामुख्याने फिल्टरचा स्पंज आणि तळाची वाळू यांना चिकटून वाढत असल्यामुळे, जुने पाणी जपण्यापेक्षा जुना स्पंज क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्यात न धुता ओलाच नव्या टाकीत बसवणे अधिक महत्त्वाचे ठरते. एरवी हे चक्र स्थिरावण्यास काही आठवडे लागतात.

चार फूट लांब आणि दीड फूट रुंद व उंच टाकीत सुमारे 250 लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने काच आणि वाळू धरून एकूण भार 300 किलोंच्या आसपास जातो, म्हणून मजबूत व समतल स्टँड आवश्यक असतो.

पाणी जास्त असले की अमोनिया विरळ होतो आणि तापमानही सावकाश बदलते. मात्र हा लाभ टिकावा यासाठी नवे मासे एकदम न आणता टप्प्याटप्प्याने सोडावेत आणि दर आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदलावे.