हौशी सॉफ्टबॉलपटूचा हंगाम

क्रिकेट ठाऊक नाहीं असें गांव वर्धा जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. सॉफ्टबॉल मात्र शालेय क्रीडास्पर्धांच्या वाटेनें आला. शाळा सुटल्यावरहि ज्याचा हात शिवशिवतो, असा हौशी खेळाडू हंगामाच्या अखेरीस विचारतो कीं, यंदा आपला खेळ कसा झाला? पुढील वर्षीं संघांत जागा राहणार कीं नाहीं, हें त्या उत्तरावर ठरतें. आणि तें उत्तर बहुधा एकाच आंकड्यावरून दिलें जातें.

हा खेळ १८८७ सालीं शिकागो शहरीं एका दालनांत जन्मला. पहिला चेंडू म्हणजे दोरीनें आवळलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा, आणि दांडा झाडूचा! सॉफ्टबॉल हें नांव १९२६ सालचें. नांवांतील मऊपणावर मात्र कोणीं विसंबूं नये. बारा इंच घेराचा आजचा चेंडू चांगला टणक असतो. पिचर तो कमरेखालून फेंकतो. पुरुषांत ४६ फुटांवरून, स्त्रियांत ४३ फुटांवरून. क्रिकेटच्या दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांत ६६ फूट अंतर असतें, हें आठवलें म्हणजे येथें फलंदाजाला विचार करण्यास किती थोडा अवकाश मिळतो तें उमगेल.

म्हणून मारण्याइतकेंच सोडण्याचेंहि कौशल्य लागतें. गुडघा व काख यांच्या दरम्यान, होमप्लेटवरून न येणारे चार चेंडू फलंदाजानें सोडले, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. समजा, एका हंगामांत दोन खेळाडूंना प्रत्येकीं ४० वेळां फलंदाजी मिळाली. पहिल्यानें १२ वेळां यशस्वी फटका मारला. चेंडू सोडून बेस एकदांहि मिळविला नाहीं. त्याची सरासरी ०.३००. दुसऱ्यानें १० वेळां चेंडू सोडून बेस मिळविला व ८ यशस्वी फटके मारले. सोडून मिळविलेल्या बेसच्या खेपा सरासरींत धरीत नाहींत. म्हणून ३० पैकीं ८, म्हणजे ०.२६७. लोक पहिल्याची पाठ थोपटतात. परंतु पहिला १२ वेळां बेसवर पोंचला, दुसरा १८ वेळां! आणि बेसवर पोंचल्यावांचून धांव कोठून येणार? पुढच्या गड्याला सरकविण्यासाठीं चेंडू हलकेच थोपटून स्वतः बाद होणारा खेळाडूहि सरासरींत असाच झांकला जातो.

क्षेत्ररक्षणाचा हिशेब याहून फसवा. वर्ध्याची काळी माती पावसानंतर वाळली कीं भेगाळते. सरपटत येणारा चेंडू ढेंकळावर आपटून भलतीकडे उसळतो. जो धांवत जाऊन त्याला हात घालतो, त्याच्या नांवावर चूक मांडली जाते. जो जागचा हललाच नाहीं, त्याची पाटी कोरी! असा 'निर्दोष' गडी संघांत राहतो आणि धडपडणारा वगळला जातो, हा खरोखर अन्याय होय.

तेव्हां वही ठेवणारानें फटक्यांच्या रकान्याशेजारीं बेसवर पोंचल्याचा आणि थोपटून दिलेल्या बळीचा रकाना आंखावा. क्षेत्ररक्षणांत चुकांबरोबरच, खेळाडू किती चेंडूंपर्यंत पोंचला तें लिहावें. सामना चालू असतांनाच खूण करावी. घरीं जाऊन आठवूं लागल्यास उंच उडालेले फटकेच तेवढे आठवतात.